सहा वाजताचे बारा

"एवढी शिकलेली पोरगी, पण तोंडात जीभ नाही बिचारीच्या."

"म्हणून तर बरी," लेक म्हणाली.

मी जिन्यातच थांबले. खाली स्वयंपाकघरात स्पॅनिश चालू होतं आणि विषय मी होते.

बिचारी म्हणणारी माझी घरमालकीण, दुसरी तिची लेक. क्यूबा सोडून तिला चाळीस वर्षं झालेली. न्यू जर्सीतल्या तिच्या घरात वरची खोली घेऊन मी एम.एस. करत होते. सगळे तिला आबुएला म्हणत, म्हणजे आजी. मी काहीच म्हणत नसे. हसायचं, मान हलवायची, निसटायचं, ही माझी शाळेपासूनची रीत.

मला स्पॅनिश समजतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दोन वर्षं मी तिच्याशेजारी बसून दुपारच्या मालिका पाहिल्या होत्या. त्यामुळे 'हे मूल तुझं नाही!' एवढं मला झोकात म्हणता आलं असतं. 'मीठ द्या' मात्र नाही. आणि आता सांगायचं तरी कसं? माझे केस, माझं लग्न, माझी डाळ, सगळ्यांवर माझ्यादेखत चर्चा होऊन गेली होती. "डाळीत हॅम घालत नाही, मग अंगाला काय लागणार?"

घड्याळाला स्वतःच्या मर्जीने चालवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. क्यूबन लोकांत एकतीस डिसेंबरला रात्री बाराला रिकामी बॅग घेऊन गल्लीला फेरी मारतात. मग नव्या वर्षात प्रवास घडतो म्हणे. आबुएलाला नऊनंतर जागवत नसे, म्हणून ती संध्याकाळी सहालाच निघे. "स्पेनमध्ये वाजले की बारा!" जाड कोट, लाल लिपस्टिक, करकरत्या चाकांची तपकिरी बॅग. शेजाऱ्यांनी विचारलं, की ठणकावून सांगे, "बहिणीकडे!" बहीण हवानात. दहा मिनिटांत परत येऊन कोट खुंटीला. खरं जाणं घडत नसे; कधी क्यूबाचा परवाना आडवा येई, कधी गुडघा. "पुढच्या वर्षी," ती म्हणे.

आता ती नाही. तरी त्या दिवशी सहा वाजले, की माझे कान रस्त्याकडे लागतात.

जिन्यात ते बोलणं ऐकलं, त्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं आणि बाहेर बर्फ. एकतीसच्या दुपारी लेक बॅग घेऊन माझ्या खोलीत आली. "तुझ्या कपाटात लपव. ममी घसरली तर? तू काही बोलणार नाहीस, मला माहितेय." मी मान हलवली.

पाचपासून शोध सुरू झाला. पलंगाखाली, बाथटबमध्ये, शेवटी ओव्हनमध्येसुद्धा. पावणेसहाला ती कोट-लिपस्टिकसकट खुर्चीत बसली.

"ममी, बॅग फिरवून कोणी क्यूबाला जात नाही."

"न फिरवताही कोणी गेलेलं नाही." मग भिंतीकडे बघत, "बहिणीच्या गेल्या पत्रातलं अक्षर दुसऱ्या कोणाचं तरी होतं."

सहाला चार मिनिटं कमी होती. मी जिना उतरून दारात उभी राहिले. हात आपोआप छातीवर गेला, मालिकेत जातो तसा, आणि स्पॅनिश बाहेर पडलं. मराठी राहिला तो एकच शब्द.

"बस्स! हे गुपित आता मला सहन होत नाही! बॅग माझ्या कपाटात आहे. आणि आजी, बाहेर बर्फ आहे, माझा हात धरा."