हातात दिलेलं मीठ

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. भूत, झपाटणं, अंगात येणं... आमच्या गावात पिंपळाखालून जायला बाया घाबरायच्या, मी तिथंच सरपण वेचायची. नात मोबाईलवर तुम्हा लोकांचे अनुभव वाचून दाखवते. पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय. मी म्हणते, पुरे कर, भाकरी करपेल. पण परवा ती म्हणाली, "आजी, तुला कधीच काही दिसलं नाही?" मी म्हटलं, दिसला एक हात. आता तिनंच लिहायला बसवलंय. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेही निजामाच्या शाळेत, आधी अलिफ-बे आणि मग ग म भ न. चुका झाल्या तर नात सुधारेल.

माहेर माझं अहमदपूरकडचं. अहमदपूर तेव्हा बिदर जिल्ह्यात होतं. सासर अर्धापूरजवळचं एक खेडं, घरची जमीन, ज्वारी आणि हळद. निजामाचं राज्य शेवटच्या घटकेला आलं होतं, पण हे आम्हाला नंतर कळलं. आम्हाला तेव्हा एकच शेवटची घटका दिसत होती, आणि ती काही केल्या येत नव्हती. माझ्या सासूची.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. तोंडानं फटकळ. मी पहिल्यांदा भाकरी थापली तर म्हणाली, "ही भाकरी हाय का अर्धापूरचा नकाशा?" पण मारलं कधी नाही, उपाशी कधी ठेवलं नाही. तिच्या पोटात गाठ झाली. आज कॅन्सर म्हणतात, तेव्हा गाठच म्हणायचे. बैलगाडीतून नांदेडला नेलं. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं आणि आमच्या मालकांना बाहेर बोलावलं. बाहेर काय सांगितलं ते मालकांच्या तोंडावरच दिसलं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. आत्याबाई वाळून काटकी झाली, पण जीव जाईना. वेदना सुरू झाली की ओरडायची. बाईचं ओरडणं नव्हतं ते... गाय अडली की हंबरते तसं. गोठ्यातली जनावरं कान टवकारायची. मी चुलीपुढं बसून पदर कानात कोंबायची. आता येईल, आता परत येईल — ओरडणं थांबलं की त्याचीच भीती जास्त वाटायची.

अर्धापूरचे हकीमसाहेब औषध द्यायचे. अफूची गोळी, ज्वारीच्या दाण्याएवढी. मला बजावून सांगायचे, "बेटी, एकच. जादा नक्को. जादा दिली तर झोप मोडायची न्हाई."

आत्याबाईनं पडल्या पडल्याच विचारलं, "मंग जादाच द्या की हकीमसाहेब. कामून जीव खाऊन राहिले माझा?"

म्हातारे हकीमसाहेब खाली मान घालून म्हणाले, "माई, जान अमानत है. जिसकी है उनेच लेंगा. मैं दर्द कम कर सकतूं, बस."

"त्याची अमानत हाय तर त्याला म्हणावं घेऊन जा. किती दिवस सांभाळायची लोकाची वस्तू?"

ते हसले नाहीत. डोळे पुसत गेले.

मग गावचे जोशीबुवा आले. ते म्हणाले, भोग आहे, भोगूनच संपतो. मधेच तोडला तर पुढच्या जन्मी तिथूनच सुरू होतो. आत्याबाई म्हणाली, "होऊ द्या सुरू. त्या जन्मी सून तरी भाकरी थापणारी मिळंल." ओरडून ओरडून बसलेल्या आवाजात हे बोलली. मला हसू आलं आणि मग रडू आलं.

जाताना जोशीबुवा मालकांना ओसरीवर म्हणाले, "प्राण अडलेत. त्यांच्या नावानं मीठ दान करा. मिठाच्या दानानं वरचं दार उघडतं. शास्त्रात आहे."

मालक एकदम पेटले. "म्हंजे माझ्या आईच्या मरणाला मीच आवतन देऊ? अफूची गोळी आन् मिठाचा खडा, फरक काय राहिला बुवा? आमच्यात बैलाचा पाय मोडला तरी मरंस्तोवर वैरण टाकतेत."

जोशीबुवा म्हणाले, "फरक आहे. अफू जीव घेते. मीठ वाट देतं."

"मला दोन्ही नगं."

आणि मालकांनी मला दम दिला, "आईचा जीव हाय तवर या घरातून मिठाचा एक खडा भाईर जायचा न्हाई. शेजारणीलाबी न्हाई. चुकून दान झालं तरी दानच."

झालं. खेड्यात मीठ-मिरची इकडून तिकडं जातच असते. शेजारची गयाबाई वाटी घेऊन आली, मी नाही म्हटलं. ती वाटी आपटत म्हणाली, "कामून गं? या घरातलं मीठ संपलं का इमान?" दोनदा तेच झाल्यावर तिनं यायचं बंद केलं. मला सांगता येईना. काय सांगू? मीठ दिलं तर सासू मरते म्हणून?

इतकं समजून घ्या, मग पुढचं कळेल.

एके दिवशी मी आत्याबाईचं अंग पुसत होते. तिनं उशाच्या वाकळेचा कोपरा दाखवला. टाका उसवून पाहिला तर आत गोळ्या. बऱ्याच. ही बाई गोळी गालात धरायची, मी वळले की काढून ठेवायची. म्हणजे ते ओरडणं... औषध न घेता. गोळ्या साठवायला ती ते सगळं सोसत होती.

"ह्या दुधात घोळून एकदम दे मला," ती म्हणाली.

मी गोळ्या परत वाकळेत सारल्या. "तुम्हीच का घेत न्हाई मग?"

"म्या घेतली तर आत्महत्या. पाप. तू दिली तर औषध." सगळं ठरवून ठेवलं होतं तिनं. "पोराचा हात उठायचा न्हाई. तू परक्या घरची, तुझा उठंल. आन् सुनंनं सासूला दिलं तर त्याला सेवा म्हणतेत. जोशीबुवाला इचार पाहिजे तर."

"आन् मालकांना कळलं तर?"

"माझा ल्योक हाय. तुला टाकायचा न्हाई. बोलायचा बंद व्हईल थोडे दिवस. तसाबी कुठं लई बोलतो?"

मी चार दिवस टाळलं. त्या दिवसांत मला जेवण गेलं नाही. ओरडणं ऐकलं की वाटायचं देऊन टाकावं. शांत झोपली की वाटायचं, ही तर जिवंत बाई आहे, छाती हलतेय. देवाचं सगळ्यांना पाठ होतं — हकीमसाहेबांना, जोशीबुवांना. ती ओरडायला लागली की मात्र तिथं कुणी बसत नव्हतं. मी बसत होते.

पाचव्या दिवशी मालक खळ्यावर गेले. भर दुपार, ऊन डोक्यावर. आत्याबाईनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी स्वयंपाकघरात आले, दूध वाटीत ओतलं, गोळ्या घातल्या आणि बोटानं ढवळायला लागले. द्यायचंच ठरवलं होतं. आज कुणी विचारलं तरी हेच सांगेन.

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "मीठ दे गं बाई."

मी वाटी चुलीपाशी सरकवली. दार अर्धं लोटलेलं होतं. बाई दाराच्या आड उभी, पदराचा काठ तेवढा दिसत होता. आवाज गावातला वाटला नाही, पण परकाही वाटला नाही. मी म्हटलं, "मीठ न्हाई."

"हाय की. गाडगं भरलंय."

गाडगं खरंच भरलेलं होतं. तिला दिसायची सोय नव्हती.

"आमच्यातून देत न्हाईत," मी म्हटलं. "शेजारी माग."

"तुझ्याच हातचं पाहिजे."

मला फक्त ती जायला हवी होती. वाटी चुलीपाशी, आत सासू, कधी कोण येईल नेम नाही. मी गाडग्यात हात घातला, मूठभर जाडं मीठ काढलं आणि दाराजवळच्या पाट्यावर ठेवायला वाकले. मीठ हातात देत नाहीत हे तुम्हाला माहीत असेलच. हातात दिलं की देणारी-घेणारीचं भांडण होतं. खाली ठेवायचं, समोरच्यानं उचलायचं.

दाराआडून हात आला. तरण्या पोरीचा हात, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

"खाली ठिवू नगं," ती म्हणाली. "हातात दे. आता काय भांडायचं राहिलंय आपलं?"

मी दिलं. तळवा तापलेला होता... ताप चढलेल्या माणसाचा असतो तसा. बोटं मिटली. बांगड्यांचा आवाज झाला.

आणि पुढच्या खोलीतून मालकांची हाक आली, "आई!"

मी धावले. मालक खळ्यावरून कधी आले मला कळलंच नव्हतं. पाणी प्यायला आले होते म्हणे, आणि आईजवळ बसले. नंतर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, ती उताणी पडली होती, उजवा तळवा वर उघडा, काही मागावं तसा. रिकामा. त्यांच्याकडं बघून हसली. मूठ मिटली. गेली.

मी मागच्या दाराशी परत आले. कुणी नव्हतं. परसात वाळत घातलेली हळद होती, तिच्यावर पाय न देता तिथून कुणाला जाता आलं नसतं. हळद जशीच्या तशी होती. दूध उकिरड्यावर ओतलं, कुत्र्यानं तोंड लावू नये म्हणून वरून राख टाकली.

अंघोळ घालताना बायांना तिची मूठ उघडेना. गयाबाईनं जोर लावून बोटं सोडवली आणि हात झटकून मागं सरकली. मुठीत मीठ होतं. जाडं, ओलसर, आमच्याच गाडग्यातलं. नातू डॉक्टर आहे, तो म्हणतो घामाचं मीठ असेल. मी म्हटलं, घामाचे खडे ज्वारीएवढे असतात का रे?

मालक दारात उभे होते. त्यांनी मीठ पाहिलं, मग मला पाहिलं. "मीठ कुणाला दिलंस?"

"मागच्या दारी एक बाई आली होती."

"कोण?"

"तोंड दिसलं न्हाई."

एवढंच. ती काय बोलली, हात कसा होता, मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. आत्याबाई म्हणाली होती, थोडे दिवस बोलायचा बंद होईल. तसं झालं नाही, बोलणं चालू राहिलं. संसार झाला, लेकरं झाली. पण त्या दिवसापासून मालकांनी माझ्या हातचं मीठ खाल्लं नाही. भाजी आळणी करायची, त्यांच्या ताटाशेजारी मिठाची वाटी ठेवायची, ते स्वतःच्या हातानं घालून घ्यायचे. लेकरांना वाटायचं बापाला खारट आवडतं. मलाच ठाऊक होतं. आणि रोज वाटी ठेवताना मला वाटायचं, माझं चुकलं की बरोबर, हे यांनी एकदा तोंडानं बोलावं. नाही बोलले. उभा जन्म नाही.

म्हातारपणी त्यांच्या किडन्या गेल्या. लातूरला धाकट्या मुलाकडं ठेवलं, दवाखाना, नळ्या, सुया. डॉक्टरनं मीठ पूर्ण बंद केलं, मग वाटीही गेली. पुढं ते म्हणाले, पुरे, मला गावाकडं न्या. मुलं भांडली. एक म्हणे मशीनवर ठेवू, एक म्हणे हाल नकोत. मी म्हटलं, माणूस शुद्धीत आहे ना? मग त्याला विचारा. आणलं गावाकडं.

दुपारची वेळ होती. मुलं ओसरीवर. मालकांनी डोळे उघडले, म्हणाले, "मीठ दे."

मला वाटलं तोंड बेचव झालं असेल. वाटीत चिमूटभर घेऊन आले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं वाटी त्यांच्या शेजारी ठेवायला लागले. त्यांनी तळवा वर केला.

"खाली ठिवू नगं. हातात दे. आता काय भांडायचं राहिलंय आपलं?"

मी ते शब्द कुणालाही सांगितलेले नव्हते. मालकांना नाही, माहेरी आईला नाही, देवापुढंसुद्धा नाही.

दिलं. तळवा तापलेला होता. त्यांनी मूठ मिटली, आणि दिवस मावळायच्या आत ते गेले.

नात विचारते, तू दारात कुणाला पाहिलंस? मला माहीत नाही. मी सासूला मारलं, सोडवलं, की शेजारणीला मीठ दिलं, तेही माहीत नाही. हकीमसाहेब गेले, जोशीबुवा गेले, विचारायला कुणी उरलं नाही. आणि आता रोज स्वयंपाकघरात गेले की माझं लक्ष आधी मागच्या दाराकडं जातं.

मालकांना अंघोळ घालताना त्यांचीही मूठ उघडत नव्हती. सुना जोर लावायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या. तशीच नेऊ दिली.

आत काय होतं, मी पाहिलं नाही.