कोणत्या खोलीतून किती

नया बाजारात गजकासाठी, त्या तिळाच्या खुसखुशीत मिठाईसाठी, तीळ भाजले जाऊ लागले, की त्या वासानं मला तिथलं जुनं ऑफिस आठवतं; तिथलं नेट आणि सर्व्हर मी सांभाळायचो. नेट मंदावलं की साहेब म्हणायचे, “भाऊ, बिलिंगच्या पोरी व्हिडिओ पाठवत बसतात. काटो उनका नेट!” एकदा त्यांनी तसा हुकूमच सोडला. नेट गेलं तर बिलं निघणार नव्हती आणि त्या दोघींची नोकरीच जाणार होती. मी एरवी भित्रा, पण त्या दिवशी अडून बसलो, “आधी मोजतो.” सर्व्हरच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, नोंद ठेवणारा ट्रेस लावला आणि प्रत्येक खोलीच्या सबनेटमधून, म्हणजे तिच्या वेगळ्या नेट-जोडणीतून, बाहेर जाणारा डेटा मोजून सगळ्यांसमोर वाचला: पहिली साहेबांची केबिन, दुसरी माझी खोली, कारण मी भाचीच्या लग्नाचे फोटो चढवत होतो! बिलिंग सर्वांत खाली. साहेब पुटपुटले, “अपनी भी पोल खोल दी?” “हो साहेब. काटायचंच तर वरून सुरुवात करा.” कापलं फक्त माझं, आठवडाभर. ते मी अजून मिरवतो.