वन्संच्या बिनसुईच्या खुर्च्या

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, कपडा हातात आला की आधी तो उलटा करतात. सुलट बाजूकडे बघतही नाहीत. "वरून काय, सगळेच नटतात. आत काय गोंधळ घातलाय ते बघू दे," म्हणतात. दुकानातून आणलेला महागाचा झगा असो की शेजारणीनं हौसेनं शिवलेला पडदा, वन्संनी तो उलटा केला की समोरच्याचा चेहरा उतरलाच म्हणून समजा.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं शिलाई मशीन होतं. आजही तिथंच आहे. वडील लवकर गेले, धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, शिक्षण या मशीनवर झालं. आईचं दुखणं निघालं तेही त्यांनीच काढलं. मध्ये कुणी त्यांच्या लग्नाचा विषय काढला की त्या पायडल इतकं जोरात मारायच्या की पुढचं बोलणं ऐकूच येत नसे. मी नव्या नवरीच्या उत्साहात म्हटलं, मलाही शिकवा. त्यांनी उशीचा अभ्रा शिवायला दिला. मी शिवून नेला, त्यांनी तो उलटा केला आणि एवढंच म्हणाल्या, "उसव." उसवला, पुन्हा शिवला. "उसव." तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मी कानाला खडा लावला. तेव्हापासून माझं तुटलेलं बटणसुद्धा त्याच लावतात, आणि लावता लावता मला चार शब्द सुनावतात.

यंदा आमच्या लेकीला लांबच्या, थंडीच्या शहरात नोकरी लागली. तिचा हट्ट एकच, कोट आत्यानंच शिवायचा. वन्सं खूश झाल्या, पण दाखवतील तर शपथ. जाड लोकरीचं कापड आणलं. "अस्तर लावणार नाही. अस्तर हे वाईट शिवणाऱ्यांसाठी असतं," असं जाहीर करून त्यांनी कापड बेतलं. कॉलर झाली, खांदे जोडले. आणि मग अचानक कोट गुंडाळून कपाटात गेला. म्हणे आधी जेवणाच्या खुर्च्या नीट करायच्या.

आता या सहा खुर्च्यांची दशा मला ठाऊक नव्हती असं नाही. कापड विटलेलं, फोमचा भुगा खाली गळायचा. सासूबाईंच्या शेवटच्या वर्षांत त्यांचे हात इतके कापायचे की निम्मं जेवण खुर्चीवरच सांडायचं. त्या डागांवर आम्ही इतकी वर्षं बसत होतो. पण आत्ताच कसली घाई? आणि मशीनवाल्या बाईनं खुर्च्यांसाठी स्टेपल गन आणावी? मी हसून हसून बेजार झाले. "वन्सं, तुमच्या घरात आणि पिना! गल्लीत तोंड कसं दाखवायचं मी?"

"ज्याचं काम त्यानं करावं. खुर्चीला शिवण लागत नाही," त्या म्हणाल्या.

खरंच लागत नव्हती. खुर्ची उलटी करायची, चार स्क्रू काढले की बैठक हातात येते. जुन्या पिना स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून पकडीनं ओढायच्या. फळीच्या मापाचा नवा फोम कापायचा. कापड जमिनीवर पालथं, त्यावर फोम, त्यावर फळी. मग कापड वर ओढून प्रत्येक बाजूला आधी मधोमध एक पिन, तिथून कोपऱ्यांकडे. कोपऱ्याला पाकिटासारखी घडी. पहिली खुर्ची झाली तेव्हा वन्संनी ती माझ्यासमोर उलटी धरली. पिनांची ओळ अशी की पट्टी लावून मारलीय.

पण मग खुर्च्या संपेचनात. एक झाली की दुसरीला आठवडा लागे. लेकीच्या जाण्याचा दिवस जवळ येत चालला आणि कोट कपाटातच. वन्सं चहा निम्माच कप घ्यायला लागल्या, म्हणे पोटाला बरं. घरातसुद्धा खिसेवाला जाड स्वेटर, आणि उजवा हात सदा खिशात. मला वाटलं, पोरगी चालली म्हणून बाई रुसल्यात, तोंडानं बोलायचं नाही म्हणून कोटावर राग काढतायत. आणि सहावी खुर्ची झाली त्याच दिवशी त्या शेजाऱ्यांचं स्टूल घेऊन आल्या! माझं डोकंच फिरलं. पोरीचा कोट पडलाय आणि ह्यांना शेजाऱ्यांच्या स्टुलाचा पुळका.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबल पुसताना माझं बोट सहाव्या खुर्चीच्या कोपऱ्यात अडकलं. कापड सुटून लोंबत होतं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतक्या वर्षांत या बाईची एक चूक सापडली नव्हती, ती आज सापडली. मी खुर्ची टेबलावर उलटी घातली.

खाली पिना नुसत्या विखुरल्या होत्या. एक आडवी, एक तिरकी, काही अर्ध्याच शिरलेल्या, एकाच जागी चार चार मारलेल्या. फळीवर वाळलेल्या रक्ताचा डाग होता. मी पाचवी उलटी केली. मग चौथी. एकेक करून सगळ्या उलट्या केल्या आणि झाल्या त्या क्रमानं लावून ठेवल्या. पहिलीची ओळ सरळ. दुसरीची बरी. तिसरीपासून ओळ जी हलायला लागली ती सहावीपर्यंत ओळ राहिलीच नव्हती. हे मी आधी पाहिलं होतं. पिना नव्हत्या तेव्हा, सासूबाईंच्या हातातला चमचा होता.

वन्सं पुढच्या खोलीत स्टुलाशी झटत होत्या. मी विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"वेड पांघरू नका. खुर्च्या उलट्या करून आलेय मी."

त्यांनी पक्कड खाली ठेवली. "सुईत दोरा जाईना. वाटलं, चष्मा. नंबर बदलून आणला. मग दोरा दिसायला लागला, पण जाईना."

"आणि मग या खुर्च्या कशाला?"

"पिन मारताना सगळी मूठ आवळावी लागते. मूठ आवळली की हात गप्प बसतो. म्हटलं, रोज आवळली तर त्याला वळण लागेल." त्या हसल्या. "नाही लागलं. आईचंही असंच सुरू झालं होतं. तू होतीस ना."

होते की. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "एकटीनं गिळत बसलात? आम्ही काय भाडेकरू आहोत इथं? उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे चला."

"जाऊ. पण पोरगी गेल्यावर. तिला कळलं तर ती नोकरी सोडून बसेल, माझ्यावर गेलीय. आईपायी मी राहिले घरात, तेवढं पुरे." मग त्यांनी कपाटातून कोट काढून माझ्या मांडीवर टाकला. "मी सांगते, तू शिव."

लेक दिवसभर बाहेर असायची, तेवढ्यात आम्ही बसायचो. मी मशीनवर, त्या शेजारी. "ओढू नकोस गं, कापड आपणहून जातं. पाय हळू. अगं, मशीन आहे, सायकल नाही!" सुया मोडल्या, बोटं टोचली, नाकी नऊ आले. पहिली लांब शिवण संपवून मी कापड त्यांच्यापुढे केलं. त्यांनी उलटं करून बघितलं. शिवण दारू प्यायल्यासारखी गेली होती. मी 'उसव' ऐकायच्या तयारीत होते. उसवण्याची कात्रीही हातात घेतली होती.

"चालेल," वन्सं म्हणाल्या.

त्यांचा कापणारा हात बघूनही मी एवढी घाबरले नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी कोट लेकीच्या हातात दिला. वन्सं दाराशी उभ्या, हात खिशात. लेकीनं कोट घेतला आणि लहानपणापासून आत्याला बघत आलेली ती पोर, तिनं पहिलं काम काय करावं? कोट उलटा केला. आम्हा दोघींपैकी एकीच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. अस्तर नव्हतंच. खांद्यापर्यंत आत्याचे टाके, खाली माझे.

ती बघत राहिली. एकदा माझ्या टोचलेल्या बोटांकडे, एकदा आत्याच्या खिशाकडे. "आई, हे तू शिवलंस?"

मी बोटं पाठीमागे लपवली.

"मीच शिकवत होते तिला," वन्सं म्हणाल्या. "शिकतेय हळूहळू."

लेक पुढे गेली. तिनं आत्याचा हात खिशातून बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. तो तिच्या हातांतही कापतच राहिला. आजीची ती शेवटची वर्षं तिनंही बघितली होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

"मी नाही जात," ती म्हणाली.

"कोट घाल."

"आत्या, मी..."

"घाल म्हणते ना. बटणं बघायचीत मला."

तिनं रडत रडत कोट घातला. वन्संनी हात सोडवून घेतला आणि वरच्या बटणापासून सुरुवात केली. बटण काजावरून निसटायचं, त्या परत धरायच्या. निसटायचं, परत. मी मदतीला पुढे झाले तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागीच थांबले. लेक ताठ उभी राहिली, लहानपणी माप घेताना उभी राहायची तशी. शेवटच्या बटणाला फार वेळ लागला.

बटण लागलं. वन्संनी कोट खालून एकदा ओढून सरळ केला.

"आता जा," त्या म्हणाल्या.