मिसळ खाऊन निवडलेला सबवूफर

गाडीला साऊंड बसवायला पोटभर मिसळ खाऊन जाणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच, आणि तो आमच्या आत्याचा नवरा. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांचा गॅरंटीवर, जाहिरातीवर, दुकानदाराच्या शपथेवर काडीचा विश्वास नाही. विश्वास फक्त स्वतःच्या अंगावर. म्हैस घ्यायची तर आधी तिचं तांब्याभर दूध पिऊन मालकाच्याच ओसरीवर एक झोप काढणार, उठल्यावर पोट काय म्हणतंय ते बघणार, मग सौदा. गादी घेताना दुकानात चक्क घोरले. चप्पल घेताना ती घालून कोडोलीच्या बाजारातनं फेरी मारून आले, आणि दुकानदार बिचारा त्यांची जुनी चप्पल हातात धरून मागनं.

साऊंडचं खूळ मात्र आत्यामुळं. तिला गाडी लागते. वाडीला दत्ताच्या दर्शनाला जायचं म्हणून ती लग्नापासनं निघतीय, मुठीत लिंबू घेऊन, आणि वडगावच्या पुढं काही गेलेली नाही. प्रत्येक वेळी तिथनं गाडी माघारी. मामांनी त्यावर विचार करून शोध लावला. "पोट इंजिनाचा आवाज ऐकतंय रं. म्हणून ढवळतंय. त्येला दुसरं कायतरी ऐकवाय पायजे."

मग मला घेऊन कोल्हापुरात शाहूपुरीला. आधी मिसळ, वर जादा पाव, मग दुकान. दुकानदारानं कौतुकानं आमच्या गाडीत सगळ्यात दांडगा सबवूफर, धमधम काढणारा खोका, लावला. "पावणं, बघा की! काचा थरथरत्यात!"

मामा मागच्या सीटवर डोळे मिटून, पोटावर हात ठेवून बसलेले. थोड्या वेळानं म्हणाले, "पाव हालला."

"काय?"

"आतला पाव हालला. काढ ह्ये."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. दुसरा खोका लावला, तिसरा लावला. कुठल्यात पाव हालला, कुठल्यात नुसता मिसळीचा कट. स्पीकर ऐकताना मामा तर्जनी कानात घालून काढायचे, "ह्यो शिट्टी मारतोय," म्हणायचे. ॲम्प्लिफायरला हाताची पालथी बाजू लावून बघायचे, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं. दुकानदार शेवटी वैतागला. "आवं, ह्यो मोठा ॲम्प घ्या. गावात वरात काढशीला!"

"वरात काढली की एकदा. आता तिला वाडीला न्यायाची हाय."

दुकानदारानं मोठा ॲम्प बाजूला ठेवला. आतनं सीटखाली बसणारा एक चपटा सबवूफर घेऊन आला, त्याच्याजोगा बारका ॲम्प जोडला, दारांत साधे स्पीकर लावून दिले. मामांनी डोळे मिटले. तबल्याची थाप आली, मऊ, गोल. पोटावरचा हात उचलून ते म्हणाले, "पाव जागच्याला हाय. बांध."

एका गुरुवारी सकाळी निघालो. आत्या पुढं, मी मागं. बारीक आवाजात भजन लावलेलं. वडगाव आलं तसं मामांचं लक्ष रस्त्यापेक्षा आत्याकडंच जास्त. वडगाव गेलं. हातकणंगले गेलं. जयसिंगपूरजवळ आत्याच्या हातातलं लिंबू सुटून खाली घरंगळलं. मला वाटलं, झालं आता. वाकून बघतोय तर ती झोपलेली. तोंड उघडं, मान मामांच्या बाजूला कललेली.

शिरोळ मागं पडलं, वाडी आली. मामांनी गाडी थांबवलीच नाही.

"मामा, वाडी गेली की!"

"गप. झोपलीया ती."

पूल ओलांडून कुरुंदवाडला गेलो, वळलो, परत आलो, परत गेलो. प्रत्येक वळणावर मामा आवाज थोडा कमी करायचे. एवढं पोटात घालून पारखून आणलेलं सगळं, आणि शेवटी कुठलं भजन लागलंय ते मलासुद्धा कळेना.

आत्यानं डोळे न उघडताच विचारलं, "आवं, आली व्हय वाडी?"

खिडकीतनं वाडीचा घाट दिसत होता.

"न्हाय अजून," मामा म्हणाले. "लांब हाय. झोप की."