टाच न टेकणारी पावलं

म्हसावदच्या एका छोट्या दवाखान्यात दानियल गावित बावीस वर्षं एक्स-रे काढतोय. नवापूरकडचा डोंगरी माणूस. रविवारी चर्च, बाकी सहा दिवस हाडं. लोकांचे चेहरे तो विसरतो, पाय विसरत नाही. मनाने सरळ, पण जिभेला लगाम नाही, आणि तीच जीभ एकदा एका बाईच्या जिवावर उठली.

तोरणमाळच्या पायथ्याकडून रायसिंग आपल्या विधवा भावजयीला, सोनीबाईला, घेऊन आला होता. बाई चवड्यांवर चालत होती. रायसिंग बाजारच्या अहिराणीत हळूच म्हणाला, "गावमा दोन लेकरं तापमा मरी गयात. मी हिना दारमा राख टाकी. पाय उमटनात, पन टाचा नहीत. माणूसना पाय असा ऱ्हातस का? ही डाकीन शे."

दानियलच्या अंगावर काटा आला. तो लपवायला त्याने घाईघाईने दोन्ही टाचांचे बाजूने फोटो काढले. पडद्यावर दोन्ही हाडं एकसारखी दिसली. डॉक्टर त्या दिवशी नव्हते. "काहीच नही शे, हाड साफ शे," तो बोलून गेला. हाडात दोष नाही म्हणजे बाई डाकीणच, असा पुरावा हाती लागल्यासारखी रायसिंगने फिल्म धरली. सोनीबाईने मान खाली घातली.

डॉक्टरांनी गुरुवारी तेच फोटो पाहिले. "रोज डोक्यावर लाकडाची मोळी आणि पायाखाली चढण. टाचेच्या हाडाला बारीक चीर पडते. ती पहिल्या फोटोत बहुतेक दिसत नाही, भरून यायला लागली की पांढरी रेघ उमटते. तीन आठवड्यांनी पुन्हा काढा. आणि रोगाचं निदान माझ्यावर सोडा!"

जीपवाल्या चैत्याबरोबर दानियलने निरोप धाडला, की हाडात चीर असेल, तीन आठवड्यांनी बाईला पुन्हा आणा. चैत्याने उलट निरोप आणला, की येत्या अमावस्येला बाईला गावाबाहेर काढायचं ठरलंय.

तीन आठवडे झाले. अमावस्येच्या आदल्या दिवशी दानियल सकाळी कामावर आला. फरशी नुकतीच पुसलेली होती. तिच्यावर धुळीची पावलं उमटली होती, नुसते चवडे आणि बोटं. ती एक्स-रेच्या खोलीपर्यंत गेली होती, परत आली नव्हती. खोलीत अंधार होता. दानियलने येशूचं नाव घेत दिवा लावला. टेबलावर सोनीबाई बसली होती, उघडे पाय पुढे करून, त्याची वाट पाहत. निरोप ऐकून एवढ्या अंतरावरून ती एकटी चालत आली होती.

या वेळी दोन्ही टाचांत हाडाला आडवी पांढरी रेघ होती. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. दानियलला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

दुपारी तिला मोटारसायकलवर बसवून तो गावात पोचला. फिल्म उन्हात धरली, तर माणसं मागे सरली. हाडं पाहून त्यांना अधिकच भीती वाटली. कागदाला कुणी हात लावेना. दानियलचं डोकं फिरलं. त्याने चुलीतली थंड राख घमेल्याने आणून रायसिंगच्या अंगणभर पसरली आणि ओरडला, की पारखच करायची तर साऱ्यांचीच करा, मोळ्या साऱ्याच बाया वाहतात.

सोनीबाई धरून अकरा बाया एकेक करून राखेवरून गेल्या. मग सगळे वाकून बघू लागले. सोनीबाईचे ठसे तसेच होते. पण तसे आणखी चार बायांचे होते, नुसते चवडे आणि बोटं. त्यातले शेवटचे ठसे रायसिंगच्या दारात जाऊन थांबले होते, आणि तिथे त्याची बायको उभी होती, टाचा उचलून, भिंतीला धरून.

रायसिंग तिच्याकडे पाहत राहिला. खाली बसून त्याने दोन्ही हातांनी तिचे ठसे पुसले, एकही न सोडता. उठायला लागला तेव्हा दानियलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हिना बी पुस, भाऊ," तो म्हणाला.

रायसिंग गुडघ्यांवर सरकत सोनीबाईच्या ठशांकडे गेला.