तोड मागं टाका

एके काळी हंगाम लागला की सकाळी माझ्या ओट्यापुढे चपलांची रास पडायची. मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात आहे. बेलापूरकडच्या माझ्या गटात कोणाचा ऊस आधी तुटणार आणि कोणाचा मागे राहणार, हे मीच ठरवायचो. लोक यायचे, लेकीच्या लग्नाची तारीख सांगायचे, शेजाऱ्याची तोड आधी कशी आली म्हणून माझा उद्धार करायचे आणि वर चहा पिऊन जायचे. बायको विचारायची, हे घर आहे की चावडी? मीही वैतागायचो.

आता ते मोबाईल ठरवतो. ऊस लावल्याची म्हणजे लागणीची तारीख, उपग्रहाचा फोटो, उसातली साखर असं सगळं जुळवून प्रत्येकाच्या फोनवर तोडीचा दिवस येतो. वशिला नाही, कटकट नाही. खोटं कशाला बोलू, न्याय पूर्वीपेक्षा बरा होतो. फक्त माझ्याकडे कोणी येत नाही. बायको नातवंडांसाठी लेकीकडे पुण्याला असते. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसतो, आणि ओळखीची माणसं गाडीवरूनच हात करून पुढे जातात. मला शिव्या घालणाऱ्यांची आठवण येईल, असं कधी वाटलं नव्हतं. पण येते.

गेल्या हंगामात एकच माणूस आला. वस्तीवर एकटेच राहणारे एक म्हातारे शेतकरी. मला इतका आनंद झाला की घरात दूध आहे का ते न बघताच चहा टाकला, आणि मग कोराच द्यावा लागला.

"तोडीचा मेसेज आला ना, बाबा?"

"आला की. परवा तोड हाय. त्येच्यासाठीच आलो. मागं टाका."

एवढ्या वर्षांत तोड मागे टाका म्हणणारा माणूस मला भेटला नव्हता. त्यांच्या उसाला तुरे आले होते. दिवस जातील तसं वजन घटणार, हे त्यांना मी काय सांगायचं? तरी सांगितलं.

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तोडीवाली टोळी आमच्याच बांधाला उतरलीय. सकाळच्याला भाकरी थापल्याचा आवाज येतो. आमची म्हातारी गेली, तवापासून वस्तीवर भाकर थापली न्हाई कुनी. गावातून डबा येतो. माझा ऊस झाला की टोळी पल्याड हालनार. वजन घटलं तर घटू द्या."

मी मोबाईल उघडला. तोड पुढे ढकलायची तर कारण निवडावं लागतं. रानात ओल, रस्ता बंद, वाहन नाही, एवढीच कारणं त्यात होती, आणि प्रत्येकाला जागेवरचा फोटो जोडावा लागतो. पूर्वीचे दिवस असते तर पेनानं त्यांचं नाव खाली सरकवलं असतं आणि चार माणसांच्या शिव्या खाल्ल्या असत्या.

"माझ्या हातात राहिलं नाही, बाबा."

"आसू द्या," ते म्हणाले. पण लगेच उठले नाहीत. मीही त्यांना उठू दिलं नाही. पाऊसपाण्याचं बोलत आम्ही दुपार केली.

ठरल्या दिवशी ऊस तुटला आणि टोळी गेली. मग एकदा तिकडे काही काम नसताना मी त्यांच्या वस्तीवर गेलो. रान मोकळं पडलं होतं. टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या होत्या तिथे राख आणि काळे पडलेले चुलीचे दगड उरले होते. आम्ही बांधावर बसलो. खिशातला मोबाईल वाजला. कामाच्या वेळी एका जागी फार वेळ थांबलो की तो कारण विचारतो. मी तो बंद करून टाकला.

बाबा मोकळ्या रानाकडे बघत होते. मग म्हणाले, "ह्यो मोबाईल लागनीची तारीख बघूनच तोड लावतो ना?"

"हो."

"मंग औंदा लागन उशिरा करतो. शेवटाला पडंल ना माझी तोड?"

"पडेल," मी म्हणालो. "पण तरी विचारायला येत जा."