भिंतीसमोरची चार लिंबं

देवपूजा मी रोज करते, पण भुताखेतांना कधी हिंग लावूनही विचारलं नाही... हे आधीच सांगून ठेवते!

आम्ही मूळचे बसवनगुडीचे. मुलाने मल्लेश्वरमला घर घेतलं — मोटारी नव्या नव्या आल्या तेव्हाचं शोरूम, त्याचे आता फ्लॅट केलेत. लॉफ्ट म्हणायचं म्हणे! छत एवढं उंच, की जळमटं काढायला शिडी लागते. राहायला आलो आणि आमचे हे पडले. खुब्याचं हाड मोडलं, व्हीलचेअर आली, आणि लिफ्ट एवढुशी की खुर्ची आत जाईना. पहिल्या मजल्यावरच अडकले. खालच्या हॉटेलातली कॉफी खिडकीतून नुसती हुंगायची!

त्यातच दर शुक्रवारी सकाळी पॅसेजच्या टोकाला, कोऱ्या भिंतीसमोर, चिरडलेली लिंबं दिसू लागली. कॅमेऱ्यात कुणीच नाही. सगळे म्हणाले, करणी! सेक्रेटरी निनाद, पुण्याचा पोरगा, थेट माझ्याच दारात.

"काकू, हे तुमचं काही...?"

"अरे, मी लिंबाचं लोणचं घालते, करणी नाही!"

रागारागाने जाऊन पाहिलं तर — लिंबं चार. दोन पुढे, दोन मागे, सपाट, वर टायरची नक्षी. अहो, ही कसली करणी? ही तर नव्या गाडीची पूजा! आणि गाडीचं तोंड... भिंतीकडे.

लाटणं आणून भिंतीवर ठोकलं. पोकळ आवाज!

"निनाद, इथे वाट आहे. फोड."

"काकू, प्लॅनमध्ये नाहीये."

"मग प्लॅन चुकलाय!"

मीटिंगमध्ये भांडभांड भांडले, पण फोडायला लावलीच. मागे ऐसपैस उतार, थेट गल्लीपर्यंत! नव्या गाड्या इथूनच रस्त्यावर जायच्या.

उतार साफ झाला त्या सकाळी मी खुर्चीला हार घातला, मोठ्या चाकांपुढे दोन लिंबं ठेवली.

"अगं, मी काय नवी गाडी आहे?"

"सेकंडहँड, पण चालू आहात!"

निनादने खुर्ची ढकलली, लिंबं फटाफट फुटली, अख्खी बिल्डिंग टाळ्या वाजवत मागून. खाली पोचताच हे हॉटेलवाल्याला राजासारखे कानडीत ओरडले, "अण्णा, कॉफी! स्वल्प स्ट्राँग!"

परत वर आलो, तर माझ्या दोन लिंबांच्या पुढे, उतारावर... आणखी चार. सपाट. तोंड रस्त्याकडे.

त्यानंतर एकही लिंबू दिसलं नाही. कुणाची गाडी, इतकी वर्षं का थांबली, मला आजही सांगता येत नाही. यांना विचारलं असतं, पण खालची कॉफी सोडून हे घरात सापडतील तर ना!